एकाच्या कबुलीवर बाकीचे दोघे अडकतात का? (खून खटला, तीन आरोपी)

म्हापसा_मूट
मूट कोर्टसाठी (विद्यार्थ्यांचा सराव खटला) काल्पनिक प्रसंग मिळालाय, सरकारी बाजू मांडायची आहे. गोव्यातल्या बार्देशात ऑगस्ट २०२४ मध्ये एका भाटकाराचा (जमीनमालकाचा) खून. प्रत्यक्षदर्शी कोणी नाही. आरोपी १ ने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाब दिला, तिघांची नावं घेतली, नंतर तो फिरवला. आरोपी २ च्या निवेदनावरून काजूच्या भाटातून (बागायतीतून) कोयता जप्त. आरोपी ३ रात्री दहाला मयतासोबत तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) दिसला होता, प्रेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानसीजवळ (खाडीच्या बांधावरच्या पाण्याच्या दारांजवळ) मिळालं. शिवाय 'पोलिसांपुढे तिघांनीही गुन्हा कबूल केला' असं दोषारोपपत्रात आहे. सुरुवात कुठून करू?

पर्वरी_फौजदारी
ते शेवटचं वाक्य आधी खोडा. पोलिस अधिकाऱ्याला दिलेली कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ खाली बाद, अधिकारी हवालदार असो वा अधीक्षक. घटना १ जुलै २०२४ नंतरची आहे, म्हणून नवे कायदे. निवाडे वाचताना जुन्या पुरावा कायद्याची कलमं २४ ते ३० समोर ठेवा.

मग तीन कोरे कागद घ्या, प्रत्येक आरोपीला एक. 'तिघांविरुद्ध मिळून भरपूर पुरावा आहे' हा युक्तिवाद बचावाचा वकील पाच मिनिटांत उसवतो. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी ज्याची त्याची वेगळी जोडावी लागते.

आरोपी १ च्या कागदावर कबुलीजबाब मुख्य. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १८३ ची प्रक्रिया तपासा: कबुली द्यायला तू बांधील नाहीस, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे दंडाधिकाऱ्यांनी सांगितलं का, ती स्वखुशीची आहे याची खात्री कुठल्या प्रश्नांनी केली, खाली प्रमाणपत्र आहे का. विचाराला वेळ दिला का, हेही. सरवण सिंग (१९५७) निवाड्यात साधारणपणे किमान चोवीस तास म्हटलंय. तो वेळ आरोपी कोलवाळच्या तुरुंगात न्यायालयीन कोठडीत होता की पोलिस ठाण्यात? ठाण्यातून थेट आणून लगेच जबाब घेतला असेल तर मुळातच घुण लागला. फिरवलेली कबुली देणाऱ्याविरुद्ध चालते, पण महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुजोरा लागतोच.

आरोपी २ आणि ३ विरुद्ध ती कबुली वापरायला साक्ष अधिनियमाचं कलम २४ लागतं. खटला एकत्र, गुन्हा तोच, आणि कबुली देणाऱ्याने स्वतःलाही तितकंच गुंतवलेलं हवं. 'मी बाहेर उभा होतो, मारलं त्या दोघांनी' असा सूर असेल तर काही उपयोग नाही. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरी कश्मीरा सिंग (१९५२) निवाड्यातला क्रम पाळा: कबुली बाजूला ठेवायची, उरलेल्या पुराव्यावर दोषसिद्धी होऊ शकते का ते बघायचं. होत असेल, पण न्यायाधीशांचा पाय अडखळत असेल, तरच कबुलीचा हात धरायचा. हरिचरण कुर्मी (१९६४) निवाडाही हेच सांगतो. सरकारी बाजूने मांडणीची सुरुवातच कबुलीने केली की समोरच्याचं काम सोपं.

मुद्देमाल
कोयत्याबद्दल. निवेदन पंचनाम्यातलं वाक्य शब्दश: वाचा. 'ज्या कोयत्याने मारलं तो मी भाटात लपवलाय, दाखवतो' असं असेल तर 'ज्या कोयत्याने मारलं' एवढं वगळा; उरलेलं पोलिसांपुढचं असलं तरी चालतं, कारण त्यावरून वस्तू सापडली. पुलुकुरी कोटय्या (१९४७) पासून हे ठरलेलं: उघड होते ती जागा आणि आरोपीला असलेली तिची माहिती. कोयता खुनात वापरला हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक प्रकरणं तिथेच गळतात.

ऑगस्टच्या पावसात लाल मातीत पडलेल्या पात्यावर गंज चढतो, रक्त धुऊन जातं. वेर्णाच्या प्रयोगशाळेचा अहवाल 'मानवी रक्त, गट निश्चित नाही' असा आला तर दुवा लटकतो. जप्तीच्या वेळी लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल, मुद्देमाल नोंदवहीतली तारीख, प्रयोगशाळेत नेणारा कोण, मधले दिवस वस्तू कुठे होती, हे सगळं साक्षीत आणा. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना कोयता दाखवून 'या जखमा याने होऊ शकतात का' हे विचारायचंही हमखास राहून जातं.

पंच निवेदनाच्या वेळीच ठाण्यात हजर होते का? आधी भाटात गेले आणि कागद मागून झाले तर पंच उलटतपासणीत कोसळतो. बीएनएसएस कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण हवं. जागा उघडी आहे एवढ्यावर जप्ती पडत नाही (जीत सिंग, १९९९). वस्तू सहज नजरेस पडणार नाही अशी लपवलेली होती का, ते बघतात. तिघांनीही तोच कोयता 'दाखवला' असं लिहिलं असेल तर मात्र अवघड. पहिल्याने सांगितल्यावर दुसऱ्याला उघड करायला काय उरतं? म्हणून प्रत्येक निवेदनावर वेळ हवी.

साखळीवाला
आरोपी ३ विरुद्ध आजच्या घडीला फारसं काही नाही, हे मान्य करून चला. शेवटचं सोबत दिसणं आणि मृत्यू यांतलं अंतर इतकं कमी हवं की मधे दुसरा कोणी आला असण्याची शक्यताच उरू नये (सतीश, २००५). इथे प्रेत मिळेपर्यंत वीसेक तास, आणि तावेर्नात अख्खा वाडा बसलेला. शवविच्छेदनातून मृत्यूची वेळ रात्रीच्या जवळ आली तरच दुवा टिकेल. मोबाइलचं टॉवर लोकेशन असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, अ आणि ब दोन्ही भाग, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). तेही फोन त्या टप्प्यात होता एवढंच सांगतं, आणि गावातले सगळेच फोन त्या टप्प्यात असतात. साक्ष अधिनियमाचं कलम १०९ (जी गोष्ट खास ज्याला माहीत, ती त्यानेच सिद्ध करावी) पुढे करून भार आरोपीवर ढकलू नका. आधी साखळी तुमची.

शरद सारडा (१९८४) निवाड्यातली परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं पाठ करता तशी त्यातली आणखी एक गोष्ट धरा: जी परिस्थिती आरोपीला जबाबात, म्हणजे आताच्या बीएनएसएस कलम ३५१ खाली, विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. तिघांना तोच छापील प्रश्नसंच दिला की घोटाळा.

म्हापसा_मूट
आभार सगळ्यांचे. आरोपी १ ला माफीचा साक्षीदार केलं तर?

पर्वरी_फौजदारी
करता येतं, बीएनएसएस कलम ३४३. पण मग तो आरोपी राहत नाही, म्हणजे कलम २४ चा आधार सुटला. त्या बदल्यात शपथेवरची साक्ष मिळते, उलटतपासणीसकट. साक्ष अधिनियमाचं कलम १३८ म्हणतं दुजोरा मिळालेल्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा बेकायदा नाही, आणि कलम ११९ च्या उदाहरणाला धरूनही न्यायालयं दुजोरा मागतात, तोही प्रत्येक आरोपीपुरता वेगळा. आरोपी ३ साठी तो कुठून आणणार, बाब? ते ठरवा, मग अर्ज लिहा.