भावाला जन्मठेप झालीये, खटला परत नव्याने चालवता येतो का?

मुठेकाठची
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा, गुलटेकडी मार्केटयार्डातून माल भरून साताऱ्याकडे. २०२१ मध्ये त्याच्या ओळखीच्या एका माणसाचा खून झाला, पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पैशावरून दोघांची आधी भांडणं झाली होती हे खरंय, ते आम्ही कधीच लपवलं नाही. पण खून करताना कोणी पाहिलेलं नाही. एका टपरीवाल्याने संध्याकाळी दोघांना बरोबर पाहिलं म्हणे, भावाने ओढ्यातून कोयता काढून दिला म्हणे (त्यातला एक पंच कोर्टात फितूर झाला), आणि शर्टावर रक्त, ज्याचा सीए (सरकारी रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट म्हणतो की रक्तगट निष्पन्न झाला नाही. एवढ्यावर सेशन्स कोर्टाने मागच्या वर्षी जन्मठेप दिली.

आता खरी गोष्ट. त्या रात्री पावणेबाराला त्याच्या टेम्पोचा फास्टॅग खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर कापला गेलाय. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे, मी स्वतः काढलं. आधीच्या वकिलांना दिलं होतं, त्यांनी फाईलला लावून ठेवलं आणि कोर्टात दाखवलंच नाही. का ते आजपर्यंत कळलं नाही. आता म्हणतात अपील टाकलंय, नंबर काही देत नाहीत.

जपानमधल्या हाकामाता आजोबांचं वाचलं, त्यांच्या बहिणीने आयुष्यभर लढून रिट्रायल मिळवली आणि ते सुटले. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. आपल्याकडे असा नवीन खटला मागता येतो का? कोणाकडे मागायचा? आई रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

जुना रोजनामा
ताई, तीस वर्षं फौजदारी वकिली केली, आता थांबलोय, म्हणून मोकळेपणाने सांगतो. रिट्रायल मागू नका. कोणी मागायला सांगितलं तर आधी दहा वेळा विचार करा.

जपानची गोष्ट वेगळी. तिथे हाकामातांची फाशी १९८० मध्ये सुप्रीम कोर्टातून कायम झाली होती, त्यामुळे रिट्रायल हाच दरवाजा उरला होता. १९६६ ची केस, चार खून, आणि रक्ताचे कपडे वर्षाहून जास्त काळाने मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) टाकीत सापडले. एवढे दिवस मिसोत राहिलेलं रक्त लाल कसं दिसेल, यावर सगळं फिरलं. २०१४ मध्ये सुटका झाली आणि निर्दोष ठरायला सप्टेंबर २०२४ उजाडला, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. तुमच्या भावाची केस अजून त्या टोकाला गेलेलीच नाही. त्याचं पहिलं अपील बाकी आहे, आणि आपल्याकडे हायकोर्टाचं पहिलं अपील म्हणजे नुसता कायद्याचा कीस नाही, सगळा पुरावा, प्रत्येक साक्ष, पंचनामे नव्याने तपासायचा अधिकार त्यांना आहे.

रिट्रायलचा हुकूम हायकोर्ट देऊ शकतं, पण अगदी क्वचित देतं. १९९७ च्या दिल्लीच्या बसस्फोटात एकाला फाशी झाली होती, त्याच्या खटल्यात बहुतेक साक्षीदार तपासताना आरोपीला वकीलच नव्हता, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये खटला परत चालवायला लावला आणि पुढच्या वर्षी तो सुटला. पण खंडव्याची केस बघा, १३ दिवसांत खटला उरकून फाशी दिली म्हणून २०१९ मध्ये निकाल रद्द झाला, नवीन खटला चालला आणि परत फाशीच झाली, ती पण रद्द झाली, शेवटी २०२४ मध्ये निर्दोष. ११ वर्षं आत. रिट्रायल म्हणजे सरकारी पक्षाला फाटलेलं शिवायची संधी. आज तुमच्याकडे फितूर पंच आहे, रक्तगट नसलेला रिपोर्ट आहे, ही सगळी भोकं तुमच्या उपयोगाची आहेत. ती बुजवायला त्यांना दुसऱ्यांदा सुई-दोरा कशाला द्यायचा?

तुम्हाला पाहिजे तो अर्ज अपिलातच जादा पुरावा घ्या म्हणून करायचा, फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यातल्या ३९१ कलमाचं नव्या कायद्यात ४३२ झालंय. फास्टॅग तिथे आणा. पण दोन गोष्टी. एक, बँकेकडून इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट घ्या (पुरावा कायद्यातलं पूर्वीचं कलम ६५ ब, आता ६३), नुसती प्रिंट उभी राहणार नाही. दोन, आणि ही कडू आहे, फास्टॅग सांगतो टेम्पो गेला, चालवत कोण होतं ते सांगत नाही. सरकारी वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. साताऱ्यात माल उतरवून घेतला त्याची पावती, सही, हमाल, काहीतरी शोधा. आणि ३१३ च्या जबाबात (पुराव्याबद्दल न्यायाधीश आरोपीलाच विचारतात तो) भावाने 'मी साताऱ्याला होतो' असं सांगितलं होतं का?

मुठेकाठची
सांगितलं होतं काका! निकालात एका ओळीत उडवलंय, आरोपीने पुरावा दिला नाही म्हणून.

जुना रोजनामा
मग फार बरं झालं. ही आत्ता सुचलेली कथा नाही हे दिसतं. वकिलाने पुरावा का दाबला ते अर्जात स्पष्ट लिहा, कागद कधी दिला, कोणासमोर दिला.

आणि निकालाचा शेवटचा पॅरा वाचा आजच. तिथे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा. शर्ट गेला तर डीएनएचा विषय कायमचा संपला. अपील चालू आहे, मुद्देमाल राखून ठेवा असा अर्ज लगेच टाका.

वाचायला म्हणून सारडा केसचा निकाल मिळवा. आपल्या पुण्यातलीच. १९८२ मध्ये इथल्या एका फ्लॅटमध्ये नवविवाहिता विषाने गेली, नवऱ्याला पुण्यात फाशी, हायकोर्टात कायम, आणि सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये सोडला. परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या त्यात आहेत, आजही देशभर अशा केसमध्ये त्याच लावतात. 'यानेच केलं असेल' आणि 'यानेच केलं' यात लांबचं अंतर आहे, ते पुराव्याने तोडावं लागतं, संशयाने नाही.

सदाफुली६२
मुली, माझे मिस्टर नऊ वर्षं येरवड्यात होते, हायकोर्टातून सुटले. कायद्याचं काकांनी सांगितलं, मी बाकीचं सांगते. वकिलाला पैसे नसतील तर लाजू नकोस, आत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, १५१०० वर फोन पण लागतो. वकील बदलायचा तर नवीन वकीलपत्रावर भावाची सही जेलमधूनच घ्यावी लागते, त्यात आठवडा जातो, ते धरून चाल. अपिलाचा नंबर कोणाच्या तोंडून ऐकू नकोस, हायकोर्टाच्या साईटवर भावाच्या नावाने स्वतः शोध. नाही सापडला तर मुदत ६० दिवसांचीच असते, उशीर माफीचा अर्ज जोडून नव्याने टाकावं लागेल, पण टाकता येतं. कोल्हापूरला बेंच झालं पण पुणे त्यात नाही, आपल्याला मुंबईच. मी डेक्कन क्वीनने जायचे, सव्वासातची, आणि कितीदा तरी कोर्टाच्या बोर्डावर आमच्या केसचा नंबर लागायचाच नाही, तशीच संध्याकाळी परत. डबा नेत जा.

हवेलीकर
मी दुसऱ्या बाजूचा आहे. आमच्या मामाचा खून झाला होता. आरोपी वरच्या कोर्टात सुटला तेव्हा आम्ही घरात आठ दिवस नीट जेवलो नाही, वाटलं विकत घेतला निकाल. पुढे कधीतरी निकाल पूर्ण वाचला आणि कळलं की तपासात काहीच धरलं नव्हतं. मामाला कोणी मारलं ते आम्हाला आजही माहीत नाही.

नाशिकजवळचं २००३ चं खुनाचं प्रकरण आठवा, आरोपी भटक्या जमातीचे सहा जण, सुप्रीम कोर्टानेच २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली, आणि त्याच कोर्टाने २०१९ मध्ये फेरविचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचं काय झालं? त्या बाईला न्याय कुठे मिळाला?

म्हणून ताई एक विनंती, त्या टपरीवाल्याला किंवा मयताच्या घरच्यांना भेटायला जाऊ नका, कितीही वाटलं तरी. साक्षीदारावर दबाव म्हणून तुमच्यावरच उलटेल, आणि त्या घरात पण कोणीतरी रडतंय.

मुठेकाठची
सगळ्यांना एकदमच लिहिते. हवेलीकर दादा, जाणार होते मी टपरीवर, रविवारी. नाही जात.

शेवटचा पॅरा वाचला. काका म्हणाले तेच आहे, अपिलाच्या मुदतीनंतर मुद्देमाल नष्ट. साईटवर भावाच्या नावाने अपील सापडलं, मुदतीत टाकलेलं आहे, हात थरथरत होते बघताना. साताऱ्याच्या व्यापाऱ्याला फोन केला, तो म्हणाला जुनी पावतीबुकं माळ्यावर आहेत, येऊन शोधा. उद्या सकाळी आधी मुद्देमालाचा अर्ज आणि मग स्वारगेटवरून सातारा.