हंटर डग्लस मूळची जर्मन
खिडक्यांचे पडदे बनवणाऱ्या हंटर डग्लसला कुणीतरी अमेरिकन कंपनी म्हटलंय, पण मूळ जर्मनीतलं आहे हो. हेन्री सोनेनबर्गनी १९१९ मध्ये ड्युसेलडॉर्फला धंदा काढला तो मशीन टूल्सचा, पडद्यांचा संबंधच नव्हता, मग १९३३ ला हॉलंड आणि १९४० ला अमेरिका, म्हणजे दोनदा बस्तान हलवलं. तिथे जो हंटर नावाच्या माणसाबरोबर अ‍ॅल्युमिनियमची सलग पट्टी ओतायचं तंत्र जमवलं आणि १९४६ ला व्हेनेशियन ब्लाइंड्सच्या (आडव्या पट्ट्यांचे खिडकीचे पडदे) हलक्या पट्ट्या आल्या, माझ्या मते खरं डोकं इथेच दिसतं. १९८५ चा त्यांचा ड्युएट नावाचा पडदा पण भारी, मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत हवा अडकते त्यामुळे खोलीतली ऊब टिकते. २०२२ ला ७५% हिस्सा थ्रीजी कॅपिटल या गुंतवणूक कंपनीकडे गेला, सोनेनबर्ग कुटुंबाकडे २५% राहिला, वाईट वाटलं.