जुन्या जीपचा फ्रंट एक्सल ओळखायचा कसा? (कोल्हापूर) सल्ला हवा

मातीचा_रस्ता: वडिलांची सीजे-३बी जीप आठ वर्षं परड्यात उभी होती. पावसाळ्याआधी ती गगनबावड्याकडच्या शेतावर न्यायची आहे. फ्रंट एक्सलच्या (पुढच्या आसाच्या) हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तडा गेलाय. शिरोलीत भंगारात दोन एक्सल मिळाले, त्यातला एक दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा म्हणतात. विकणारा म्हणतो, "दोन्ही सेमच, कुठलाबी न्या." खरंच सेम असतात का?

खडूची_खूण: थांबा दादा, पैसे देऊ नका अजून. दिसायला सेमच दिसणार, कारण लढाईतल्या विलीज एमबीचा आणि सीजे-३बीचा, दोन्ही फ्रंट एक्सल डाना २५ या एकाच मॉडेलचे आहेत. फरक पोटात आहे. एमबीचा रेशो (क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे फेरे) ४.८८, म्हणजे क्राऊनला, आतल्या मोठ्या दातेरी चाकाला, ३९ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ८. ३बीचा ५.३८, म्हणजे ४३ आणि ८. कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची चकती असली तर रॉकेलनं पुसून आकडे बघा. पण मधे कुणी क्राऊन-पिनियन बदलला असेल तर चकती खोटी ठरते, म्हणून मोजाच.

एका बाजूचा हब (चाक बसतं तो भाग) घट्ट धरून ठेवा. पिनियनच्या फ्लँजवर खडूनं रेघ मारा. दुसरा हब सावकाश २० फेरे फिरवा आणि रेघ किती वेळा वर येते ते मोजा. एकच बाजू फिरते, म्हणून २० फेऱ्यांना क्राऊन १०च फिरतो: ४९ च्या आसपास आली तर ४.८८, ५४ च्या आसपास तर ५.३८. फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर आधी लॉक करा. पुढचा-मागचा रेशो सारखाच लागतो, म्हणून मागचाही मोजा; तो गाडीवरच मोजता येतो: गिअर न्यूट्रल, एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड.

हे मी भोगलंय. न मोजता एक्सल बसवला. चिखलात काहीच कळलं नाही, चाकं घसरून फरक पचवत होती. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकलं आणि गाडी आखडली, फोर बाय फोरचा लिव्हर निघेना. रिव्हर्समध्ये थोडी मागं घेतली तेव्हा कुठं सुटला.

 

मातीचा_रस्ता: आज दोन तास भंगारात बसून मोजलं. पहिल्याला ४९, दुसऱ्याला ५४ ला जरा कमी. घरी मागचा मोजला, तोही ५४ ला जरा कमी. दुसरा घेतला. नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) गोळ्याजवळ तेल पाझरतंय, उद्यमनगरातल्या गॅरेजात उघडून घेतोय. मनापासून आभार, खडूची_खूण.

खडूची_खूण: लई भारी! सील नवंच टाका. किंगपिनच्या (नकल ज्यावर वळतो त्या खिळीच्या) वरच्या-खालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, वेगवेगळ्या पुड्यांत ठेवायला मिस्त्रींना सांगा, अदलाबदल झाली तर शाफ्ट मधोमध बसत नाही. गोळ्याच्या आत शाफ्टचा जॉइंट कुठला निघतो तेही कळवा: सुटे गोळे घरंगळले तर बेंडिक्स, पिंजऱ्यात सहा असले तर रझेप्पा, गोळेच नसून दोन तुकडे एकमेकांत अडकलेले असले तर ट्रॅक्टा, सुई-बेअरिंगचा क्रॉस असला तर स्पायसर. स्पायसर निघाला तर क्रॉस बदलून काम भागतं.