पेलिकन्सने 2025 च्या उन्हाळ्यात एवढी उलथापालथ केली, पण त्यातून मॅचेस जिंकल्या जाणार का?

रेषेपलीकडून

एनबीए बास्केटबॉलमधल्या आपल्या न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सबद्दल मनात खूप दिवस साठलंय, ऑक्टोबरमध्ये 2025-26 चा सीझन सुरू व्हायच्या आत या फोरमवर बोलून घेऊया. मागच्या सीझनला 21 विजय आणि 61 पराभव. त्यात नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत चौथ्या नंबरचे चान्सेस हातात असताना घसरून सातवं पिक (निवडीचा नंबर) मिळालं, आणि 1.8 टक्के चान्स असलेल्या डॅलसला पहिलं पिक म्हणजे कूपर फ्लॅग मिळाला. टीमचा कारभार बघणाऱ्या डेव्हिड ग्रिफिनला काढलं, त्यांच्या जागी जो ड्युमार्स आले, सोबत डेट्रॉइटचा आधीचा मॅनेजर ट्रॉय वीव्हर.

मग धडाधड ट्रेड आणि करार. सीजे मॅकॉलम आणि केली ओलिनिक वॉशिंग्टनला, तिकडून जॉर्डन पूल आणि सादिक बे. गोल्डन स्टेटमधून केव्हॉन लूनी. सातव्या पिकवर जेरेमाया फिअर्स. आणि सगळ्यात मोठी उडी म्हणजे मेरीलँडच्या डेरिक क्वीनसाठी 23 वरून 13 वर जायला अटलांटाला 2026 चं पहिल्या राउंडचं पिक दिलं, तेही अनप्रोटेक्टेड (म्हणजे कितीही वरचं निघालं तरी गेलंच), आपलं आणि मिलवॉकीचं यातलं जे चांगलं निघेल ते.

माझं मत स्पष्ट आहे, यातून ही टीम वर येणार नाही. पूल किंवा लूनी वाईट आहेत म्हणून नाही. 61 मॅच हरलेल्या टीमने पुढच्या वर्षीचा विमा स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देऊन टाकला म्हणून. 2026 च्या ड्राफ्टमध्ये डिबँट्सा, पीटरसन, बूझर अशी पोरं येणारेत, सगळी लीग त्या ड्राफ्टसाठी पिकं जपून ठेवतीये आणि आपण दहा जागा वर सरकायला ते देऊन मोकळे.

आणि हिशोब इंग्रमपासून लावा. फेब्रुवारीत ब्रँडन इंग्रम टोरांटोला दिला, त्यात मुख्य मिळकत म्हणजे इंडियानाचं 2026 चं पिक. जूनमध्ये फायनल चालू असताना तेच पिक इंडियानाला परत देऊन यंदाचं 23 वं घेतलं. काही दिवसांत सातव्या मॅचमध्ये त्यांचा स्टार हॅलिबर्टनचा अकिलीस (टाचेमागची शीर) फाटला, म्हणजे इंडियानाचा पुढचा सीझनच डळमळीत झाला आणि त्या पिकची किंमत कुठच्या कुठे गेली असती. मग त्या 23 ला आपलं स्वतःचं पिक जोडून 13 वं. म्हणजे इंग्रमबदल्यात आलेलं पिक अधिक आपलं पिक, आणि हातात काय तर एक 20 वर्षांचा सेंटर. हे खटकत नाही का कुणाला?

सहावा माणूस

खटकतंय ना, पिकचं मलाही खटकतंय. पण तू 21 विजय हा आकडा असा मांडतोयस जसं काही ही टीम खरंच 21 विजयांची आहे. आपला स्टार झायन विल्यमसन 30 मॅच खेळला. डिजाँते मरे 31, पहिल्याच मॅचला हात मोडला आणि जानेवारीच्या शेवटी अकिलीस फाटला. हर्ब जोन्स, 2024 ला ऑल डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये होता तो, फक्त 20 मॅच. ट्रे मर्फी 21 पॉइंटच्या सरासरीने सुटला होता तर मार्चमध्ये खांदा गेला. इंग्रम ट्रेडच्या आधीच डिसेंबरपासून बाहेर. एवढं कुठल्या टीमला झालं तर ती किती जिंकेल तूच सांग.

त्याच्या आदल्या वर्षी झायन 70 मॅच खेळला आणि टीम 49 जिंकली. एकोणपन्नास! हे काही फार जुनं नाही. मर्फी, हर्ब, झायन तिघं उभे राहिले, त्यात पूल 20 पॉइंट टाकतोय, सेंटर मिस्सी गेल्या वर्षी ऑल रूकी (नवख्या खेळाडूंच्या) सेकंड टीममध्ये आला तो अजून सुधारतोय, मग 40 च्या आसपास जायला काय हरकत आहे. आणि तसं झालं तर अटलांटाला गेलेलं पिक मधल्या नंबरचं होईल, एवढा आरडाओरडा करण्यासारखं त्यात काही राहणार नाही.

रेषेपलीकडून

भाऊ, पण झायनचे सगळे आकडे एका ओळीत ठेव ना. 24, 61, 0, 29, 70, 30. सहा सीझन झाले. यात 70 हा एकदाच आलाय आणि तू सगळी टीम त्या 70 वर उभी करतोयस. त्याचा करार अजून तीन वर्षांचा, वर्षाला 39 मिलियन डॉलरच्या पुढे. मी झायनवर रागावलेलो नाही, 2024 च्या प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या मॅच) लेकर्सविरुद्ध 40 टाकले आणि शेवटच्या मिनिटांत हॅमस्ट्रिंग गेला तेव्हा मला स्वतःला काहीतरी झाल्यासारखं वाटलं होतं, पुढे ओक्लाहोमाने 4-0 ने उडवलं. पण ज्याच्या खेळण्याची खात्री नाही त्याच्या भरवशावर अनप्रोटेक्टेड पिक द्यायचं नसतं. टॉप 4 प्रोटेक्शन तरी मागायचं होतं.

रिबाउंडवाली

तुम्ही दोघं पिकमध्येच अडकलात, मला कोर्टवर काय दिसणार त्याची जास्त काळजी आहे. बचाव कोण करणार? मागच्या वर्षी बचावात ही टीम लीगच्या तळाला होती. आता गार्डमध्ये पूल आणि 18 वर्षांचा फिअर्स. पूलचं शूटिंग मला आवडतं, वॉशिंग्टनमध्ये मागच्या वर्षी थ्रीज (तीन पॉइंटचे शॉट) सुद्धा चांगल्या टक्क्यांनी गेले, पण समोरचा गार्ड त्याला शोधून शोधून पिक अँड रोलच्या चालीत ओढणार आणि मग रिमवर कोण उभं आहे? मिस्सी, ठीक. लूनी जागा धरून उभा राहतो, बॉक्स आउट (रिबाउंडसाठी समोरच्याला अडवणं) मनापासून करतो, गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे तीन चॅम्पियनशिप अशाच कामावर मिळवल्यात, पण तो उडी मारून शॉट अडवणारा नाही. आणि क्वीन तर अजिबात नाही.

क्वीन हल्ल्यात सुंदर खेळतो हे मी मान्य करते. मेरीलँडकडून कोलोराडो स्टेटविरुद्ध शेवटच्या सेकंदाला मारलेला बास्केट पाहिला असेल सगळ्यांनी, एवढ्या उंचीच्या पोराचे पाय आणि पासिंग असे क्वचित दिसतात. पण त्याला हवी ती जागा म्हणजे एल्बो (फ्री थ्रो लाइनची टोकं) आणि बास्केटजवळचा पेंट, आणि झायनलाही तीच हवी. क्वीनचा थ्री अजून नाही, झायनचा नाही. दोघं एकत्र असले की बचाव करणारे सगळे आत जमा होणार आणि मर्फीला एकट्यालाच बाहेर पळत राहावं लागणार. त्यात समर लीगमध्ये मनगट दुखावून ऑपरेशन झालंय, म्हणजे ट्रेनिंग कँपच्या तयारीचा वेळही गेला. रूकी सेंटरला तोच वेळ सगळ्यात गरजेचा असतो.

अर्धा कोर्ट

इतकं निराश कशाला व्हायचं? डेट्रॉइट विसरलात का सगळे. 2023-24 ला 14 विजय, सलग 28 हरले. पुढच्या उन्हाळ्यात टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर आणले, लोक म्हणाले याने काय होणार, आणि 44 जिंकून 2019 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले, निक्सला सहा मॅच झुंजवलं. ह्यूस्टन बघा, 22 विजय, मग फ्रेड व्हॅनव्हलीट आणि डिलन ब्रुक्स आले, थेट 41, आणि त्याच्या पुढच्या वर्षी 52. हरणाऱ्या टीमला दोनतीन अनुभवी माणसं मिळाली की बदल होतो, हे दोनदा डोळ्यासमोर झालंय. आणि डेट्रॉइटचा पाया घातला कुणी? केड कनिंगहॅम, आयव्ही, ड्युरेन हे सगळे वीव्हरच्याच काळात ड्राफ्ट झाले.

रेषेपलीकडून

उदाहरणं चांगली आहेत पण नीट उलगडून बघ. डेट्रॉइटने बीझलीला एक वर्षाचे 6 मिलियन दिले. हार्डवे घेताना उलट डॅलसकडूनच सेकंड राउंडची तीन पिकं मिळवली. म्हणजे वर यायला त्यांनी भविष्यातलं एकही फर्स्ट राउंड पिक टाकलं नाही. त्यांच्यावर एका फर्स्ट राउंड पिकचं जुनं देणं होतं पण ते प्रोटेक्टेड, हरले असते तर पिक घरातच राहिलं असतं. ह्यूस्टनने व्हॅनव्हलीटला भरमसाट पैसे दिले पण सॅलरी कॅपमध्ये (पगाराच्या मर्यादेत) जागा होती म्हणून, पिक देऊन नाही. आपण काय केलं? मॅकॉलमचा करार 2026 ला संपत होता, त्याऐवजी 2027 पर्यंतचा पूल घेतला. या टीमने आजवर लक्झरी टॅक्स (पगार फार वाढले की लीगला द्यावा लागणारा दंड) भरलेला नाही, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातली मोकळीक पण गेली.

आणि वीव्हरचं म्हणशील तर ते 28 पराभव त्याच्याच टीमचे होते. 44 विजय आले ते तो गेल्यावर, नवा मॅनेजर ट्रेजन लँग्डनने केडभोवती शूटर लावल्यावर.

जुना पिस्टन

डेट्रॉइटचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी ड्युमार्सना खेळताना पाहिलंय, 1989 चे फायनल्स एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), 89 आणि 90 दोन्ही वर्षं चॅम्पियन. त्या माणसाला घाईत काहीतरी करणारा म्हणू नका. 2000 साली त्यांनी डेट्रॉइट पिस्टन्सची सूत्रं घेतली तेव्हा ग्रँट हिल निघून चालला होता. त्याच्या बदल्यात आला बेन वॉलेस, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. पहिल्या सीझनला 32 विजय, दुसऱ्या सीझनला 50. मग बिलप्स, जो टीम बदलत फिरत होता. स्टॅकहाउस देऊन रिचर्ड हॅमिल्टन, तेव्हाही लोक ओरडले होते. 2004 च्या फेब्रुवारीत रशीद वॉलेस आणि जूनमध्ये लेकर्सला पाच मॅचमध्ये हरवून चॅम्पियन. 2003 ते 2008 सलग सहा वर्षं कॉन्फरन्स फायनल. इतरांनी टाकलेली माणसं जोडून हे केलं त्यांनी. पूल आणि बे बद्दल त्यांना काही दिसलं असेल तर मी एक वर्ष थांबायला तयार आहे. न्यू ऑर्लिन्सच्याच राज्यातले, लुईझियानाचे आहेत ते, या टीमबद्दल त्यांना आतून वाटतं.

रिबाउंडवाली

काका, आदर आहेच, 2004 ची टीम माझ्याही आवडीची. पण तुम्ही सांगितलेल्या सगळ्यांमध्ये बचाव होता. बेन वॉलेस, बिलप्स, प्रिन्स, रशीद. पॉइंटसाठी कुणाच्या मागे लागले नव्हते ते. ज्या वर्षांत लागले, 2009 ला बेन गॉर्डन आणि चार्ली व्हिलानुएवा, 2013 ला जॉश स्मिथला चार वर्षांचा करार, त्या वर्षांत टीम बुडत गेली आणि स्मिथला तर दीड वर्षात सोडून द्यावं लागलं. 2003 ला कार्मेलो, बॉश, वेड समोर असताना डार्को मिलिचिच घेतला हेही त्यांच्याच खात्यावर आहे. मला पूलचा ट्रेड 2000 सालासारखा नाही, 2009 सारखा वाटतो.

अर्धा कोर्ट

डार्को बावीस वर्षांपूर्वीचा, किती वर्षं तेच.

सहावा माणूस

काकांच्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली आणि मला वाटतं खरा मुद्दा तिथे आहे. 32 वरून 50 झाले त्या उन्हाळ्यात पिस्टन्सने कोच बदलला होता, रिक कार्लाइल आला आणि पहिल्याच वर्षी कोच ऑफ द इयर. ह्यूस्टन 22 वरून 41 झालं तेव्हा इमे उडोका नवीन आला होता. डेट्रॉइट 14 वरून 44, तेव्हा बिकरस्टाफ नवीन. तिन्ही वेळेला प्लेयर आले आणि कोचही नवीन आला. इथे सगळं ऑफिस बदललं, गार्ड बदलले, आणि कोच विली ग्रीन तसाच. मला ग्रीन माणूस म्हणून आवडतो, 2021-22 ला सुरुवातीच्या 13 मॅचमध्ये एक जिंकलेली टीम त्याने प्लेऑफपर्यंत नेली. पण नवीन बॉसने जुना कोच ठेवला की सीझनच्या पहिल्या दहा मॅच वाईट गेल्या तर सगळ्यांची नजर त्याच्याकडे जाते, प्लेयरचीसुद्धा. मी 40 म्हटलं होतं, त्यातली सगळ्यात मोठी शंका मला झायनपेक्षा इथे आहे.

रेषेपलीकडून

हे मी एवढ्या ठळकपणे पाहिलं नव्हतं, तीन उदाहरणं आणि तिन्हीकडे कोच. मग तर मला अजूनच कळत नाही, ग्रीनवर विश्वास आहे तर त्याला बचाव करणारे गार्ड द्यायचे होते, आणि नाहीये तर आत्ताच बदलायचं होतं.

आणि 40 विजय मिळाले तरी काय हे पण बघूया. मागच्या वर्षी वेस्टमध्ये नववे सॅक्रामेंटो 40, दहावे डॅलस 39, आठव्या मेम्फिसचे 48. म्हणजे सगळं मनासारखं झालं तर प्ले-इनची एखाददुसरी मॅच. यंदा डॅलसकडे फ्लॅग, सॅन अँटोनियोकडे वेंबन्यामाच्या जोडीला हार्पर, ह्यूस्टनकडे ड्युरँट. खालून वर यायची जागाच शिल्लक नाही तिथे.

जुना पिस्टन

प्ले-इनसुद्धा या टीमला हवीय बाळा. 2002 पासून न्यू ऑर्लिन्समध्ये एनबीए आहे, दुसऱ्या राउंडच्या पुढे एकदाही गेले नाहीत. क्रिस पॉल गेला, अँथनी डेव्हिस गेला. दर वेळेला पुढच्या ड्राफ्टची वाट बघा असं तिथल्या लोकांना किती वर्षं सांगणार? 2012 ला डेव्हिस आणि 2019 ला झायन, दोन पहिली पिकं मिळाली ना त्यांना, काय झालं त्यांचं? पिक हातात असलं की टीम उभी राहते असं नसतं.

रेषेपलीकडून

काका, ते पटतं. पण पिक दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं ते ब्रुकलिनला विचारा. 2013 ला बॉस्टनला पिकं दिली, त्यातून 2016 ला जेलन ब्राऊन आणि 2017 च्या पिकच्या अदलाबदलीतून टेटम, आणि त्या दोघांनी 2024 ला चॅम्पियनशिप घेतली. ब्रुकलिन नेट्सला निदान गार्नेट आणि पिअर्स मिळाले होते. आपल्याला जो मिळालाय त्याने अजून एक मॅच खेळलेली नाही.

रिबाउंडवाली

क्वीन बरा होऊन आला की मिस्सीबरोबर खेळवतात का झायनबरोबर, पहिल्या महिन्यात तेवढं बघा. मिस्सी बाकावर बसला तर माझंही उत्तर नाहीच.

सहावा माणूस

मर्फीला दर मॅचला नऊदहा थ्री मारायला मिळाले तर माझं हो. नाहीतर 30.