मदत हवी आहे : सायकलसाठी भक्कम कुलूप सुचवावे

नमस्कार. माझा मुलगा दांडिया बाजारातून रोज सायकलने वडोदरा स्टेशनपर्यंत जातो आणि ती दिवसभर उघड्यावर एका लोखंडी कठड्याला बांधून आणंदची गाडी पकडतो. गेल्या महिन्यात त्याची सायकल चोरीला गेली. तारेचे कुलूप तेवढे कापलेल्या अवस्थेत तिथेच पडले होते. प्लॅस्टिकच्या वेष्टनातील त्या बारीक तारा साध्या कटरनेही तुटतात, हे शहाणपण आम्हाला उशिरा आले. आता कठीण पोलादाचे यू आकाराचे कुलूप घ्यावे, की १० मिलिमीटर जाडीच्या कड्यांची साखळी? यू कुलूप त्या जाड कठड्याभोवती बसेल, असे वाटत नाही. साखळी बसेल, पण रोज वाहून न्यायला जड. शिवाय नव्या सायकलचे पुढचे चाक खटका उघडताच निघते, त्यामुळे फ्रेमबरोबर तेही अडकवता येईल असे कुलूप कोणी वापरत असल्यास कृपया अनुभव कळवावा. दीड हजार रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे.