मोठी बाइक घ्यायचीय, पण ती १० वर्षं टिकेल का हे आधीच कसं ओळखायचं? (इंदूर)

राजेंद्रनगरी
रामराम मंडळी. थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. वय ४१, इंदूर. ३५० वाली ११ वर्षं चालवतोय, ५८ हजार किमी झालेत, रस्त्यात बसली तरी सुदामानगरच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री अर्ध्या तासात उठवून देतो. आता मोठी घ्यायची आहे, बायको हो म्हणालीय, आणि ती कधीही परत नाही म्हणू शकते म्हणून घाई.

दोन ऑप्शन आहेत. एक नवी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०. दुसरी सेकंडहँड जपानी चार सिलेंडरवाली, ९०० च्या वरची, २०१९ ची, फक्त १४ हजार चाललेली, पहिलाच मालक, विजयनगरला आहे. दीडपट पैसे मागतोय, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या नव्या गाडीवर ४० टक्के जीएसटी झालाय त्यामुळे मन सेकंडहँडकडे ओढतंय.

व्हिडिओ सगळे बघून झाले. सगळ्यांनी गाडी दोन दिवस चालवलेली असते, सायलेन्सरचा आवाज ऐकवतात नि सबस्क्राइब करा म्हणतात. आठव्या वर्षी काय होतं ते कोणी बोलतच नाही. वापर म्हणाल तर रविवारी महेश्वर किंवा मांडू आणि वर्षातून एकदा पुणे, सासुरवाडी. एवढी पॉवर काढणारं इंजिन लवकर जातं का? बघायचं काय?

चोरल_चहा
अरे बाळा, ब्रोशर बंद कर आणि ओनर्स मॅन्युअलची पीडीएफ उघड, कंपन्या साइटवर फुकट देतात. त्यात मेंटेनन्सचा तक्ता असतो, व्हॉल्व्ह (इंजिनात हवा आत नि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) किती किमीला तपासायचे, कूलंट किती वर्षांनी, ब्रेकचे होज, म्हणजे पाइप, किती वर्षांनी. काय झिजतं ते कंपनीने तिथे स्वतःच लिहून दिलेलं असतं, फक्त घेण्याआधी तो तक्ता कोणी वाचत नाही. तो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि प्रत्येक ओळीपुढे रुपये लिहून घे. चार-पाच वर्षांचा खर्च समोर दिसला की अर्धं ठरेल.

टॉप स्पीडचा विचार सोड. त्याच्यासाठी पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा ११.३ किमीचा ट्रॅक आहे, आणि तिथे आपल्याला कोणी सोडत नाही.

सियागंज_स्पॅनर
भिया, मामाच्या पार्ट्सच्या दुकानात बसतो, मिस्त्री नाही, पण रोज जळलेलं-तुटलेलं काहीतरी काउंटरवर येतंच, त्यावरून सांगतो.

पॉवर जास्त म्हणजे इंजिन लवकर जाणार हे आधी डोक्यातून काढ. इंटरसेप्टर ६४८ सीसीतून ४७ बीएचपी काढते, लिटरमागे ७२-७३. चार सिलेंडरवाल्यांत कावासाकीची झेड ९०० धर, ९४८ सीसीतून साधारण १२४, म्हणजे लिटरमागे १३०. वाटतं की दुसरी जीव काढून पळतेय. आता स्ट्रोक, म्हणजे पिस्टन एका बाजूला किती सरकतो ते बघ, पहिलीचा ६७.८ मिमी, दुसरीचा ५६. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर एकदा खाली जातो, पहिली साधारण ७,१५० आरपीएमला पूर्ण पॉवर देते, दुसरी ९,५०० ला, गुणाकार केला की पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला १६ मीटर आणि पावणेअठरा मीटर. फरक आहे, पण पॉवरमधे जेवढा दिसतो त्याच्या आसपासही नाही. आणि बायपासवर शंभरने चाललास तर दोघी तशाही अर्ध्या झोपेतच असतात.

मोठ्या बाइकचं इंजिन बसलेलं मी फार कमी पाहिलंय, जातं ते आजूबाजूचं. मे महिन्यात ४२ डिग्रीत पलासियाच्या सिग्नलवर उभी, फॅन घरघर चालू, त्या गरमीत होज कडक होतात, वायरी जोडणाऱ्या कपलरचं प्लास्टिक पिवळं पडून तुटतं. आणि बाकीचे महिने कव्हरखाली. तू "फक्त १४ हजार" लिहिलंस ना, मला तिथेच खटकलं. २०१९ पासून १४ हजार म्हणजे वर्षाला अडीच हजारही नाही. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त सडते. आता पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल, ते ओलावा ओढतं, अर्धी टाकी भरून चार महिने ठेवली की आतून गंज, आणि २०१९ च्या गाडीचे रबराचे पाइप त्या पेट्रोलसाठी बनलेलेही नाहीत. टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चने आत बघ. मी ४० हजार चाललेली आणि बिलांची फाइल असलेली गाडी आधी बघेन.

व्हॉल्व्हचं राहिलं. इंटरसेप्टरमधे व्हॉल्व्हचा गॅप जुळवायला स्क्रू आणि लॉकनट आहे, जाणता मिस्त्री फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन दुपारपर्यंत करून देतो. चार सिलेंडरमधे १६ व्हॉल्व्ह, बकेटखाली शिम (गॅप जुळवायची पातळ चकती), ती बदलायची तर कॅमशाफ्ट बाहेर. काम महाग म्हणून लोक टाळतात आणि "इंजिन एकदम स्मूद आहे" म्हणून विकतात. पण हलकी टकटक येत असेल तर घाबरू नको. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह सीटमधे बसत जातो, गॅप कमी होतो, आवाज उलट गोड होत जातो, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो नि जळतो.

मानपूर_घाट
मी ६५० च्या आसपासची ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरवाली चालवते, सहा वर्षं, ५१ हजार, कंपनीचं नाव घेत नाही. स्पॅनर भाऊंनी आजूबाजूचं जातं म्हटलं ते माझ्याबरोबर झालंय म्हणून लिहिते.

महेश्वरहून परत येत होते, मानपूरच्या चढावर हेडलाइट पिवळा पडल्यासारखा वाटला, मी म्हटलं काचेवर धूळ असेल. मग मीटर एकदा विझून परत चालू झालं, ती पहिल्यांदा किल्ली फिरवल्यावर काटा पूर्ण वर जाऊन येतो ना, तसा काटा चालत्या गाडीत वर गेला. दोन मिनिटांत बंद. पिकअपमधे दोरीने बांधून आणली. बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर जळला होता, त्याच्यामागे वीज बनवणाऱ्या स्टेटरची कॉइलही काळी. इंजिनाला काही नाही. पण पार्ट यायला २३ दिवस, पूर्ण सीझन गेला.

म्हणून मी आता कोणी विचारलं की सांगते, गाडी बंद पडते का हे विचारू नका, सगळ्याच पडतात, पडली की किती दिवस उभी राहते ते विचारा. क्लच प्लेट, रेग्युलेटर, फोर्क सील, फ्युएल पंप, क्लचचा लिव्हर, या पाच गोष्टींचे पार्ट नंबर काढा आणि गिऱ्हाईक बनून सर्व्हिस सेंटरला फोन करा, स्टॉकमधे आहे का, नसेल तर किती दिवस. दोन्ही गाड्यांसाठी करा. मी हे घेण्याआधी केलं नव्हतं.

आणि मल्टीमीटर न्या. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू करून ४,००० आरपीएमला १३.८ ते १४.५ च्या मधे पाहिजे. १३ च्या खाली असेल किंवा १५ च्या वर जात असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा.

अजून एक, परदेशात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचे रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या साइटवर मॉडेल आणि वर्ष टाकलं की दिसतात, आपल्याकडचे सियामच्या, म्हणजे वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या साइटवर. रिकॉल निघालेली गाडी वाईट असते असं नाही, उलट कंपनीने चूक कबूल केली. फक्त या गाडीवर ते काम झालंय का, ते चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा.

राजेंद्रनगरी
ताई, फोन केले. ६५० चे पाचातले चार इथेच आहेत, पंप मागवावा लागेल म्हणाले. दुसरीचा एकच पार्ट स्टॉकमधे, तोही लिव्हर. बाकीचं "ऑर्डर टाका, अ‍ॅडव्हान्स भरा, मग सांगतो."

तरी उद्या सकाळी ७ ला बघायला जातोय, न बघता सोडवत नाहीये. स्पॅनर भिया, समोर उभा राहिल्यावर नक्की काय करू?

सियागंज_स्पॅनर
हेल्मेट ठेवायच्याही आधी हात इंजिनाच्या कव्हरजवळ ने. थंडगार पाहिजे. कोमट असेल तर त्याने तू यायच्या आधी चालू करून घेतलीय, आणि मोठ्या गाडीचा सगळा आजार पहिल्या थंड स्टार्टलाच कळतो, किती वेळ स्टार्टर फिरतो, धूर निळा आहे का, टायमिंग चेन खडखडते का.

मग चालू ठेव, गप्पा मार, फॅन आपोआप चालू होऊन आपोआप बंद होईपर्यंत हलू नको. दहा-पंधरा मिनिटं लागतील, तेवढ्यात बाकीचं बघ. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागे बोटाने ओढ, अर्ध्याहून जास्त दात दिसला तर चेनसेट गेला. फोर्कच्या चकचकीत नळीवर पांढरा रुमाल फिरव, तेलाची रेघ आली तर सील. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव आणि खाली लॉकचा स्टॉपर (हँडल जिथे अडतं तो) बघ, तो चेपलेला असेल किंवा तेवढ्याच जागी नवा रंग असेल तर गाडी जोरात पडलीय, मालक काहीही सांगो. कोणतं तेल टाकतो ते विचार. कारचं चांगलं सिंथेटिक टाकतो म्हणाला तर क्लच बघ, तेलात बुडालेला वेट क्लच त्याने घसरतो, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा बाइकच्या तेलाचा दर्जा लिहिलेला पाहिजे.

चोरल_चहा
आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून लोन बाकी आहे का ते बघून घे, हे सगळं करून झाल्यावर कळलं तर कपाळाला हात.

राजेंद्रनगरी
जाऊन आलो. इंजिन गरम. चांगलं गरम, हात ठेववेना. तो म्हणे "भिया, आपके लिए गरम करके रखी है, ठंडी में खींचना ठीक नहीं।" इतक्या प्रेमाने म्हणाला की मी थँक्यू म्हटलं, घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हसतच सुटली.

टायर १११९ चे, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच. रुमाल कोरडा निघाला. स्टॉपर ठीक वाटला, पण टाकी काठोकाठ भरलेली होती त्यामुळे आत काही दिसलंच नाही, आता वाटतंय तीही माझ्यासाठीच भरून ठेवली असेल. फॅन चालू झाला. बंद व्हायच्या आत त्याने किल्ली फिरवली, ऑफिसला उशीर होतोय म्हणाला. रविवार होता.

मानपूर_घाट
रविवारी ऑफिस 😄 भाऊ, परत जायचं असेल तर न सांगता साडेसहाला जा. मल्टीमीटर नसेल तर माझा घेऊन जा, टिळकनगरला आहे मी, मेसेज करा.

राजेंद्रनगरी
मेसेज केलाय ताई. परवा जातो, पोहे-जिलबी बांधून नेतो म्हणजे एवढ्या सकाळी दार वाजवलं म्हणून ओरडणार नाही. इंटरसेप्टरची टेस्ट राइडही त्याच दिवशी ११ वाजताची सांगून ठेवलीय.