मदत हवी आहे: गेमच्या नकाशावर लिहिलेल्या सगळ्या नोंदी गायब, परत कशा आणायच्या?

वाटसरू_९
नकाशावर दीडेकशे खुणा केल्या होत्या, प्रत्येकीवर नाव लिहून. तांबं कुठे, गुहा कुठे, होडी कुठल्या किनाऱ्याला लावायची, सगळं. आज उघडलं तर नकाशा काळा, एकही खूण नाही. कॅरॅक्टर तेच आहे, सामानही जागेवर आहे. सेटिंग्ज तीनदा तपासली. उद्या संध्याकाळी चौघांनी मिळून खेळायचं ठरलंय, त्याआधी हवंय. माहीत असेल त्याने पटकन सांगा.

गवतफुला
गेम कोणता? पीसी की कन्सोल?

चौकटवही
गेम कुठलाही असो, नोंदी कागदावरच ठेवा. चौकटीची वही घ्यायची, डाव्या पानावर नकाशा, उजव्या पानावर क्रमांकवार मजकूर. भुयारात एक पाऊल म्हणजे एक चौकट, दार म्हणजे भिंतीच्या रेघेवर आडवी छोटी रेघ, एकाच बाजूने उघडणारं दार असेल तर त्यावर बाण. पेनने काढू नका, शिसपेनच हवी, कारण फिरणारी फरशी (पाऊल पडताच तोंड भलतीकडे वळवणारी) लागली की निम्मं पान खोडावं लागतं. गेमचा नकाशा भरवशाचा नाही. स्कायरिममध्ये स्वतःची खूण एकच, दुसरी ठेवली की पहिली जाते. एल्डन रिंगमध्ये खुणा भरपूर, पण एकीवरही अक्षर लिहिता येत नाही.

दगडफूल
माइनक्राफ्टमध्ये असं करा. ॲनव्हिलवर (ऐरणीवर) बॅनरला म्हणजे झेंड्याला नाव द्या (एक लेव्हल खर्च होते), बॅनर हव्या त्या जागी रोवा, हातात नकाशा धरून बॅनरवर राइट क्लिक करा. नकाशावर बॅनरच्या रंगाची खूण आणि खाली नाव येतं. पुन्हा क्लिक केलं तर खूण जाते. खाणीला एक रंग, गावाला दुसरा, असं ठरवून घ्या. हे जावा आवृत्तीतच चालतं, बेडरॉकमध्ये नाही.

घुबड
@दगडफूल, त्यांनी माइनक्राफ्ट म्हटलेलंच नाही. होडी, तांबं, गुहा आणि नाव लिहिता येणारी खूण म्हणजे बहुतेक व्हॅलहाइम.
@चौकटवही, मजकूर उजव्या पानावर आणि जागा डाव्या पानावर, म्हणजे दर वेळी क्रमांक शोधत बसायचं. नोंद जागेवरच हवी. १९९२च्या अल्टिमा अंडरवर्ल्डमध्ये आपोआप काढल्या जाणाऱ्या नकाशावर हवं तिथे थेट टाइप करता येत होतं. लेजंड ऑफ ग्रिमरॉकमध्येही चौकटीवर नोंद लिहिता येते.

वाटसरू_९
हो, व्हॅलहाइमच. पीसी. सांगायचं राहिलं. आता उपाय सांगा.

चौकटवही
@घुबड, जागेवर लिहायला जागा किती मिळते? दोन शब्द. ‘कुलूप निळं, किल्ली तिसऱ्या मजल्यावर, तीन सांगाड्यांपैकी मधला खोटा’ हे नकाशावर मावत नाही. एट्रियन ओडिसी निंटेंडो डीएसवर (दोन स्क्रीनचा हातातला कन्सोल) आला तेव्हा खालच्या स्क्रीनवर स्टायलसने भिंती काढायच्या होत्या आणि नोंदींसाठी वेगळी खूण होती. तरी लांब मजकूर वहीतच ठेवावा लागे.

सुकाणू
वहीचा वाद वेगळ्या धाग्यात घ्या. @वाटसरू_९, चार गोष्टी सांगा:
जग कोणाच्या मशीनवर आहे? काल आणि आज जगाचं नाव एकच आहे का? कॅरॅक्टर खरंच तेच, की त्याच नावाचं नवीन? बांधलेली घरं दिसतात का?
विचारण्याचं कारण असं, की व्हॅलहाइममध्ये नकाशा आणि खुणा जगाच्या फाइलमध्ये नसतात. त्या तुमच्या कॅरॅक्टरच्या डॉट एफसीएच फाइलमध्ये असतात, प्रत्येक जगासाठी वेगळ्या.

दगडफूल
डॉट एफसीएच डॉट ओल्ड नावाची जुनी प्रत शेजारीच असते. शेवटचं ओल्ड काढून टाकलं की झालं.

सुकाणू
थांबा, असं आंधळेपणाने करू नका. त्या प्रतीत जुनं सामान आणि जुनी कौशल्यंही परत येतील. आधी उत्तरं येऊ देत.

वाटसरू_९
जग मित्राच्या मशीनवर. कॅरॅक्टर तेच. घरं नाहीत, पण ते ठीक आहे, सगळं पहिल्यापासून बांधायचं म्हणूनच मित्राने नवीन जग केलं. सीड (ज्या अक्षरांवरून गेम जग तयार करतो ती) तोच टाकलाय, म्हणजे नकाशा तोच. मग खुणा का नाहीत?

घुबड
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

सुकाणू
आता कळलं. सीड सारखा असला तर डोंगर-किनारे सारखे येतात, पण जगाचा अंतर्गत ओळख क्रमांक नवा तयार होतो. तुमच्या कॅरॅक्टरने खुणा जुन्या क्रमांकाखाली ठेवल्यात. नव्या क्रमांकाखाली काहीच नाही, म्हणून नकाशा काळा. काहीही पुसलं गेलेलं नाही.

खुणा एका जगातून दुसऱ्यात हलवण्याची सोय गेममध्ये नाही. पुन्हा टाकाव्या लागतील. त्या आजच, घरबसल्या टाकता येतील:

१. गेम पूर्ण बंद करा. तुमच्या कॅरॅक्टरच्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा.
२. मित्राकडून जुन्या आणि नव्या, दोन्ही जगांच्या फाइली मागवा. प्रत्येक जगाच्या दोन: डॉट डीबी आणि डॉट एफडब्ल्यूएल. ओळख क्रमांक एफडब्ल्यूएलमध्ये असतो, म्हणून ती विसरू नका. मित्राची जगं क्लाउडवर असतील तर आधी ‘मॅनेज सेव्ह्ज’मधून त्याने ती लोकलला हलवावीत.
३. चारही फाइली ॲपडेटा, लोकललो, आयर्नगेट, व्हॅलहाइम, वर्ल्ड्स_लोकल इथे टाका. ॲपडेटा फोल्डर लपलेलं असतं, ते आधी दिसतं करून घ्या.
४. त्याच कॅरॅक्टरने जुनं जग तुमच्या मशीनवर उघडा. क्रमांक तोच, त्यामुळे सगळा नकाशा दिसेल. नावं वाचता येतील इतकं झूम करून तुकड्या-तुकड्याने स्क्रीनशॉट घ्या.
५. नवं जग तुमच्या मशीनवर उघडा आणि खुणा टाका. उद्या मित्राच्या मशीनवरच्या त्याच जगात गेलात की त्या तिथे असतील, कारण त्या तुमच्या कॅरॅक्टरमध्ये आहेत.

गवतफुला
काळ्या नकाशावर अंदाजाने खुणा टाकल्या तर जागा चुकतील. पाचव्या पायरीत धुकं, म्हणजे नकाशाचा काळा भाग, उघडून घ्या. स्टीमच्या लाँच ऑप्शनमध्ये वजा चिन्ह देऊन कन्सोल लिहा, गेममध्ये एफ ५ दाबा, आधी डेव्हकमांड्स आणि मग एक्सप्लोअरमॅप द्या. हे स्वतः उघडलेल्या जगातच चालतं, मित्राच्या जगात पाहुणे म्हणून नाही. याने जमीन दिसेल, खुणा येणार नाहीत.

घुबड
सगळ्या खुणा जशाच्या तशा उतरवू नका. जुन्या जगात संपवलेल्या तांब्यावर काट मारली असेल, तर नव्या जगात तो खडक अख्खा आहे. व्यापाऱ्याची खूणही टाकू नका. त्याच्या अनेक संभाव्य जागा असतात आणि जी आधी सापडते ती कायम होते, बाकीच्या रद्द. या वेळी तो दुसरीकडेच असू शकतो.
चिन्हांचे पाच प्रकार आहेत, ते विचार करून वापरा: हातोडा फक्त धातूला, घर फक्त मुक्कामाला. यादीतल्या चिन्हावर राइट क्लिक केलं की तो प्रकार लपतो. दीडशे ठिपके एकाच चिन्हाचे असतील तर या सोयीचा काही उपयोग नाही.

वाटसरू_९
बाकी तिघांनाही याच खुणा दिसतील ना?

सुकाणू
आपोआप नाही. त्यासाठी कार्टोग्राफी टेबल (नकाशा एकमेकांना देण्याचं टेबल, गेममध्ये बांधायचं) लागतं: १० फाइन वूड, २ हाडं, २ ब्राँझ, ५ चामड्याचे तुकडे, ४ रासबेरी. ब्राँझ सहसा पहिल्या बॉसला (मोठ्या शत्रूला) हरवल्यावरच बनतं, म्हणजे सुरुवातीला तुम्हालाच वाट दाखवावी लागेल. टेबल झालं की तुम्ही नोंदवायचं, मग त्यांनी येऊन वाचायचं. एक्सप्लोअरमॅप केलं असेल तर तुमचा उघडा नकाशाही त्यांच्याकडे जाईल, हे आधी विचारून घ्या.

चौकटवही
वहीला ब्राँझ लागत नाही. फोटो काढून तिघांना पाठवला की झालं.

वाटसरू_९
जुनं जग उघडलं, नकाशा आला! अकरा स्क्रीनशॉट झाले. आता नव्यात टाकतोय.

सुकाणू
झालं की सुरुवातीच्या दगडांपाशी उभे राहून मेनूतून नीट बाहेर पडा. तुम्ही कुठे होतात तेही कॅरॅक्टरमध्येच साठतं. खूप आत कुठे बाहेर पडलात, तर उद्या मित्राच्या जगात तिथेच उभे असाल.